बावीस मिनिटे चाळीस सेकंद

मित्रांनो, काळावर मात करण्याचा प्रयत्न राजांनी केला, ऋषींनी केला, शास्त्रज्ञांनी केला. मला ते जमले. मी एक जुनी, काळी तबकडी आहे. माझी पहिली बाजू न थांबता बावीस मिनिटे चाळीस सेकंद वाजते, आणि तेवढ्या वेळात एक वाटी सूप भरवून होते.

माझा जन्म एका दशकाच्या अगदी अखेरीस झाला. कारखान्यात एक गरम, मऊ गोळा दोन साच्यांमध्ये ठेवला, वरून दाब दिला, आणि मी झाले. माझ्या पहिल्या बाजूवर काठापासून मध्यापर्यंत गोल गोल जाणारी एकच बारीक रेघ उठली. त्या रेघेत पाच केसाळ तरुणांनी सात महिने खपून बसवलेले एकच गाणे होते, जिना चढणाऱ्या देवमाशाचे. तो का चढतो, हे गाण्यात सांगितलेले नाही. पाकिटावर त्याचे चित्र आहे. तो दमलेला दिसतो.

या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणत. मी दुकानात पोहोचले तेव्हा लोकांना तीन मिनिटांची गाणी हवी होती. आम्ही म्हणजे पाहुणे निघून गेल्यावर आलेला चहा.

दुकानातून मी एका रेडिओ केंद्रात आले आणि तिथल्या कपाटात नऊ वर्षे उभी राहिले. मग एका दुपारी तिथल्या निवेदकाने कपाट उघडले. त्याने माझे नाव वाचले नाही, चित्र पाहिले नाही. पाकिटाच्या मागच्या बाजूवर बोट फिरवत तो फक्त मिनिटे वाचत होता. बावीस चाळीसवर बोट थांबले.

"हीच," तो म्हणाला.

मित्रांनो, इतक्या प्रेमाने मला कोणी निवडले नव्हते.

कारण नंतर कळले. त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती, केंद्राच्या समोरच, रस्त्यापलीकडच्या घरात. तिला तीन वाजता काहीतरी भरवून औषध द्यावे लागे. त्याची बहीण शाळेत शिकवायची, ती पाचला यायची. आणि प्रसारण चालू असताना निवेदकाने खोली सोडली तर नोकरी जाईल, असा नियम दारावरच चिकटवलेला होता. तीन वाजता तो माझ्यावर सुई ठेवायचा, त्या नियमासकट दार हळूच ओढून घ्यायचा आणि जिना उतरायचा.

मग एक अद्भुत गोष्ट घडायची. रिकाम्या खोलीत मी फिरत असायचे. दिव्याचा एक ठिपका माझ्या अंगावर जागच्या जागी थरथरत असायचा. मी फिरायचे, तो नाही. आणि त्याच क्षणी मी रस्त्यापलीकडेही असायचे, आईच्या उशाशी ठेवलेल्या रेडिओत. एका वेळी दोन खोल्यांत असणे तुम्हाला जमत नाही, म्हणून सांगते: झोप लागता लागता आपण कुठे आहोत ते सुटत जाते ना, अगदी तसे वाटते.

ऑर्गन सुरू झाला की सूप. ड्रम सुरू झाले की गोळ्या. मग उशी सारखी करणे, पाय चोळणे. शेवटी बासरी यायची.

"बासरी आली," आई म्हणायची. "ऊठ, नोकरी घालवशील."

"एवढा एक घोट घे."

"माझा देवमासा पोचला वरच्या मजल्यावर. पळ तू."

इकडे श्रोत्यांची पत्रे येऊ लागली. एवढे दीर्घ संगीत मध्ये तोंड न घालता ऐकवणारा निवेदक विरळा, असे त्यांचे मत पडले. तेव्हा केंद्राच्या साहेबांनी त्याला बोलावले. "तुमच्या आवडीचे दहा अल्बम ऐकवा," ते म्हणाले. "ही तबकडी ज्या दशकातली, त्याच्या अखेरचे. रोज एक, दहा दिवस."

त्याने दहा निवडले. लांबीप्रमाणे. अठरा मिनिटांखालच्यांना प्रवेश नव्हता. एका जाणकाराने लिहिले, "या निवडीमागे काहीतरी कठोर शिस्त जाणवते." जाणकार उगाच जाणकार नसतात.

मोजणी दहापासून उलटी होती, म्हणून दहाव्या दिवशी पहिला क्रमांक माझा होता. घाईत त्याच्या हातून सुई घसरली, माझ्या अंगावर ओरखडा उठला, आणि ते न पाहताच तो गेला. पंधराव्या मिनिटाला मी अडकले. तेच चार सूर, पुन्हा तेच चार सूर. पलीकडे दोघे बासरीची वाट पाहत बसले.

"आज मोठं आहे गं गाणं," तो म्हणाला.

"असू दे. बैस," आई म्हणाली. तिला कळले होते, असा माझा संशय आहे. तिने त्याचा हात धरून ठेवला होता.

बावीस मिनिटे उलटली तरी गाणे संपेना, म्हणून साहेब खोलीत आले. खुर्ची रिकामी. मी तेच ते बडबडतेय. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले. समोरच्या खिडकीत त्यांचा निवेदक वाटी घेऊन बसला होता. मग त्यांनी एका बोटाने सुई जराशी पुढे ढकलली.

निवेदक धापा टाकत परतला तेव्हा साहेब त्याच्या खुर्चीत होते.

"किती चालते ही?"

"बावीस चाळीस, साहेब."

"आज एकतीस चालली. दुसरी बाजू?"

"तिच्यात चार गाणी आहेत. मध्ये मध्ये उठावं लागतं."

"आणि आईंना आवडतं हे?"

"पाठ आहे तिला."

दुसऱ्या दिवशी आदेश निघाला: प्रसारण घरोघरी कसे ऐकू येते याची निवेदकाने रोज तीन वाजता समक्ष पाहणी करावी व लेखी अहवाल द्यावा. तेवढा वेळ, ओरखड्यापाशी सुई अडकली की पुढे ढकलायला बोट तयार ठेवून, साहेब स्वतः माझ्यापाशी बसत. अहवाल असे: "आवाज स्वच्छ. श्रोता समाधानी. सूप अर्धे उरले."

त्या जादा आठ-नऊ मिनिटांबद्दल अठरा पत्रे आली. आधुनिक जीवनातल्या कोंडीचे असे चित्रण पूर्वी ऐकले नव्हते, असे बहुतेकांनी लिहिले. एकाची तक्रार होती, की त्याच्याकडच्या प्रतीत हा भाग नाही.

दोन वर्षे पाहणी चालली. मग एका दिवशी अहवाल आला नाही, आणि साहेबांनी मागितला नाही. काही दिवसांनी निवेदक कामावर आला, तीन वाजता त्याने मला लावले आणि खुर्चीत बसून राहिला. साहेब दारात उभे होते. बावीस मिनिटे चाळीस सेकंद.

आता तो निवृत्त आहे आणि मी त्याच्या घरातल्या फडताळात आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, लांबलचक गोष्टींना नावे ठेवू नका, कोणाच्या तरी घरी तेवढ्या वेळात फार मोठे काम चाललेले असते, असे बरेच काही मला सांगायचे होते. पण ते राहू द्या. तो खिडकीचा पडदा तेवढा ओढा. ऊन थेट माझ्यावर येतेय, आणि मी एका कडेने वाकायला लागलेय.