चिंध्यांची वही

शिंपीणबाईंनी टॅब पटकन पालथा घातला, पण बेकरीवाल्या वहिनींची नजर तोवर काचेवरून फिरून आली होती. वहिनी बाह्यांचे नमुने बघायला टेकल्या होत्या. दोन बाह्यांच्या मधोमध जाहिरात उगवली: छातीच्या ऑपरेशननंतर एका बाजूला बसवायच्या मऊ गाद्या. खाली सरकवलं, तर पुन्हा तीच.

"काकू, कोणाला झालंय हे?"

"जाहिरात आहे. येते कुठलीही."

"उगाच नाही येत. आपण जे शोधतो तेच मागे लागतं, माझा मुलगा सांगतो. कोणासाठी शोधलंत?"

वहिनींच्या दुकानात पाव एखादे दिवशी उरत असे, बातमी कधीच उरत नसे.

शिंपीणबाईंचा हात मापांच्या वहीवर गेला. तीस वर्षांत त्या वहीत एकही नाव लिहिलेलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या पहिल्या कपड्याची चिंधी पानाला टाचायची, खाली आकडे. कोणाची कंबर सुटली, कोणाची शिवण गुपचूप उसवून द्यावी लागली, सगळं त्यात होतं आणि वहीनं कधी चकार शब्द काढला नव्हता. हा टॅब येऊन आठ महिने झाले नाहीत, तर अस्तरात गादीचा खिसा कसा शिवायचा एवढं एकदा विचारलं आणि यानं दवंडी पिटली.

तो खिसा शाळेत संगणक शिकवणाऱ्या बाईंसाठी होता. सोमवारी त्या पुन्हा वर्गावर उभ्या राहणार होत्या. "कीव सोडून काहीही चालेल," असं त्या माप देताना म्हणाल्या होत्या.

"माझ्यासाठी," शिंपीणबाई म्हणाल्या.

वहिनींची नजर गळ्यातल्या टेपवरून हळूच खाली उतरली.

"मापं घ्यायचं काम माझं आहे वहिनी. हात वर करा."

संध्याकाळपर्यंत तीन बायका बटणं घ्यायला आल्या, तिघीही आवाज मऊ करून. शिंपीणबाईंनी तिघींना बटणं दिली. तब्येतीचं विचारलं, तेव्हा धाग्याचे रंग दाखवले.

दुसऱ्या दिवशी संगणकाच्या बाई आल्या, तेव्हा शिंपीणबाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. "चूक माझी. तुमचं काम या चहाडखोरावर शोधलं."

"पण तुम्ही स्वतःवर कशाला घेतलंत, काकू?"

"मग काय तुमचं नाव सांगू? माझ्या दुकानातून कोणाचं माप बाहेर जात नाही. जायचंच असेल तर माझं जाऊ दे."

बाईंनी टॅब पुढ्यात ओढला. जुना ब्राउझर झाडून पुसून घालवला आणि दुसरा बसवला. "हा मागावर राहणाऱ्यांना अडवतो. सगळे नाही अडत, पण बरेचसे. आणि बंद केला की शोधलेलं विसरतो."

"म्हणजे माझ्या वहीसारखा."

"वहीची सर नाही. पण वर्गात शिकवण्यासारखा आहे."

शुक्रवारी वहिनी आल्या. टॅबवर बाह्यांच्या मागून बाह्या आल्या, मध्ये कोणी डोकावलं नाही.

"जाहिरात गेली वाटतं?"

"हाकलली."

वहिनी पुढे वाकल्या. "आणि तुमचं... दुखतं का हो फार?"

"टाचणी टोचली तर दुखतं."

मागचा पडदा सरकला. संगणकाच्या बाई नवा निळा ड्रेस घालून आरशापुढे आल्या. सोमवारी वर्गात फळ्याच्या वरच्या कडेला लिहितील तसा त्यांनी हात पूर्ण वर नेला, खाली आणला, पुन्हा नेला.

"काकू ठणठणीत आहेत, वहिनी," आरशातूनच त्या म्हणाल्या. "काकू, डाव्या बाजूचा आतला खिसा मस्त बसलाय. गादी जराही हलत नाही. असाच अजून एक शिवा, पिवळ्यात."

वहिनींनी आपली पिशवी उगाच दुसऱ्या हातात घेतली.

शिंपीणबाईंनी वही उघडून निळ्या चिंधीचं पान काढलं.

"आता नाव लिहिलंत तरी चालेल," बाई म्हणाल्या.

शिंपीणबाईंनी पेन्सिल कानावर खोचली, पिवळ्या ताग्याचा कोपरा कातरला आणि निळ्या चिंधीशेजारी टाचला.