तेहतिसावा वजीर

बुद्धिबळाच्या पेटीत किती सोंगट्या असतात असे विचारले, तर तुम्ही चटकन बत्तीस म्हणाल. मित्रांनो, मी एक जुना पांढरा वजीर आहे, पण त्या बत्तिसांतला नव्हे. मी तेहतिसावा. माझा काळा भाऊ चौतिसावा. एखादे प्यादे पट ओलांडून शेवटच्या घरात पोचले आणि त्याचा वजीर करायचा झाला, की आमची गरज लागते. तोवर आम्ही पटाबाहेर, डावाची वेळ मोजणाऱ्या घड्याळाच्या शेजारी उभे असतो.

माझा जन्म अमृतसरचा. एका कारागिराने लेथवर लाकडाचा ठोकळा फिरवून माझी मान, कंबर आणि मुकुट घडवला. त्याच्या बायकोने माझ्या पायाला हिरवे मऊ कापड चिकटवले. तिथून बोटीने मी नेदरलँड्सला आलो आणि आइंडहोवन शहरातल्या एका वस्तीच्या सभागृहात, मुलांच्या बुद्धिबळ क्लबात, माझी नेमणूक झाली. क्लब चालवणारे विम नावाचे उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. निवृत्त शिक्षक. मुले त्यांना नुसते विम म्हणत, कारण तिथे तशीच रीत आहे.

पंधरा वर्षे मी तिथे आहे. माझ्या सोबत्यांच्या पायाचे कापड झिजून गेले. माझे अजून कोवळ्या गवतासारखे हिरवे आहे. पाहणाऱ्याला वाटावे, किती जपलेला वजीर. खरे सांगायचे तर मला फारसे कोणी उचलतच नसे. लहान मुलांचे डाव बहुधा प्यादे पलीकडे पोचायच्या आतच संपतात. एकदा मी घरंगळत हीटरखाली गेलो आणि दोन हिवाळे तिथेच पडून राहिलो. कोणाला माझी आठवण झाली नाही, कारण बत्तीस सोंगट्या भरल्या की पेटी पूर्ण झाली असे सगळ्यांना वाटे.

मला तिथून बाहेर काढले शिवाजी आजोबांनी.

आजोबा जालन्याहून आले होते, तीन महिन्यांच्या व्हिसावर, मुलाकडे. मुलगा सुमित इथे इंजिनियर होता, आणि त्याची दहा वर्षांची मुलगी धम्मदीपा आमच्या क्लबात नुकतीच दाखल झाली होती. तिला बुद्धिबळ शिकवले होते आजोबांनीच, रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर, दोन्हीकडे एकेक पट मांडून. दर शुक्रवारी संध्याकाळी ते तिच्यामागे संथ सायकल चालवत यायचे. रिकामे बसवत नसे म्हणून खुर्च्या मांडायचे, झाडू मारायचे. झाडूच्या टोकाला मी लागलो. त्यांनी मला सदऱ्याच्या बाहीने पुसले, उलटसुलट पाहिले आणि सुमितला म्हणाले, "एका पेटीत दोन पांढरे वजीर? कारखान्याची चूक दिसते."

सुमितला खेळातले काही कळत नव्हते. तो हसला आणि त्याने मला पेटीत टाकले. त्या वेळी कोणी दोन मिनिटे थांबून विचारले असते, तर पुढचे टळले असते.

आजोबा एस. टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. जेवणाच्या सुट्टीत जुन्या टायरवर फळी टाकून तिथे डाव रंगायचे, आणि ते आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीने. त्या पद्धतीत प्यादे ज्या घरात पोचते, त्या घरचा मोहरा होते. घोड्याच्या घरात पोचले तर घोडा, हत्तीच्या घरात पोचले तर हत्ती. अशा खेळाला जास्तीचा वजीर लागतच नाही. आजोबांनी नातीला आपले सगळे शिकवले, तसे हेही शिकवले.

मे महिन्यात टिलबर्गच्या क्लबाशी सामना झाला. चार मुले इकडची, चार तिकडची. तीन डाव संपले तेव्हा दोन्हीकडे दीड-दीड गुण होते. उरला धम्मदीपाचा डाव, आणि तो ती जिंकत होती. समोरच्या मुलाकडे फक्त राजा उरला होता. तिच्याकडे राजा आणि एक प्यादे. ते प्यादे तिने शेवटच्या घरात नेले. मी घड्याळाशेजारी ताठ उभा होतो. माझी वेळ आली होती.

ते घर घोड्याचे होते. तिने आपल्या मारल्या गेलेल्या सोंगट्यांतून घोडा उचलला आणि अगदी विश्वासाने तिथे ठेवला.

मित्रांनो, एकट्या घोड्याने आणि राजाने मात करता येत नाही. डाव तिथेच बरोबरीत सुटला. समोरचा मुलगा आधी गोंधळला, मग हसू लागला. त्याचे पाहून आणखी दोघे हसले. विमने त्यांना गप्प केले, पण झाले ते झाले.

सरबताच्या टेबलापाशी विमने तिला समजावले, की प्यादे कुठल्याही घरात पोचो, त्याचे काय करायचे हे आपण ठरवायचे, आणि बहुतेक सगळे वजीर करतात, त्यासाठीच जास्तीचा वजीर असतो. सुमितने ते आजोबांना मराठीत सांगितले. तिने मान खाली घातली. मग आजोबांकडे वळून इतका वेळ दाबलेले बोलली. "आजोबा, युवर रूल्स आर राँग. सगळे हसले मला." आणि पुढे जे डचमध्ये बोलली ते आजोबांना कळले नाही. सुमितने त्याचा अर्थ सांगितला नाही. अर्थ असा होता, की यांना पुन्हा इथे आणू नका.

आजोबांनी मला हातात घेतले. माझ्या पायाचे हिरवे कापड त्यांनी अंगठ्याने चाचपले. मग म्हणाले, "म्हणजे कारखान्याची चूक नव्हती. माझीच होती. दीपू, चुकलं बाळा माझं."

ती सायकलची किल्ली घेऊन बाहेर निघून गेली.

पुढचा शुक्रवार आजोबांशिवाय गेला. परत जायला पाचच आठवडे उरले आहेत, असे सुमित विमला सांगत होता. सकाळचा डावही बंद झाला होता. आजोबा पट मांडून बसायचे आणि नात शाळेची घाई आहे म्हणायची. मुलगी आजोबांवर रुसून राहील आणि ते तसेच विमानात बसतील, ही सुमितची काळजी होती. मी पेटीत पडून ऐकत होतो. एका वजिराच्या हातात काय असते?

पण त्याच्या पुढच्या शुक्रवारी आजोबा एकटेच, अर्धा तास आधी आले. त्यांनी विमला कसेबसे इंग्रजीत सांगितले की आपल्याला पहिल्यापासून शिकायचे आहे. विमने एक क्षण विचार केला आणि त्यांना नवशिक्यांच्या वर्गात बसवले. सहा-सात वर्षांची आठ मुले, आणि त्यांच्यात बुटक्या खुर्चीवर, गुडघे छातीशी घेऊन, अडुसष्ट वर्षांचे शिवाजी आजोबा. प्रत्येकाला पायरी-पायरीने धडे सोडवायची वही मिळाली. आजोबांनी वहीवर नाव घातले आणि पहिले उदाहरण चुकवले. शेजारच्या चिमुरड्या मुलीने ते खोडरबराने पुसून दिले.

धम्मदीपा आली तेव्हा दारातच थबकली. आपल्या गटाकडे गेली खरी, पण तिची नजर सारखी तिकडे वळत होती. आजोबा तिसऱ्या उदाहरणाशी अडले, डोके खाजवू लागले, तेव्हा तिला राहवले नाही. ती उठून त्यांच्या शेजारी उकिडवी बसली.

त्या दिवसापासून ती शिकवणारी झाली आणि आजोबा विद्यार्थी. विद्यार्थी मोठा खट्याळ होता. प्यादे शेवटच्या घराशी आले, की विचारायचे, "आता ह्याचं काय करू?"

"वजीर, आजोबा. ऑलवेज वजीर."

"ऑलवेज का? आधी बघ, त्याच्या राजाला जायला जागा कुठं राहिली?"

ती चिडायची. तरी बोटाने एकेक घर मोजून दाखवायची, कारण दाखवल्याशिवाय ते पुढे सरकतच नसत. जागा आहे, मग वजीर. जागा आहे, मग वजीर. पंधरा वर्षांत जितका हाताळला गेलो नव्हतो, तितका मी त्या चार आठवड्यांत हाताळला गेलो. आणि डाव झाला, की आजोबा सोंगट्या पेटीत भरताना मोठ्याने मराठीत मोजायचे. बत्तिसावर न थांबता ते पुढे म्हणायचे, "तेहतीस. चौतीस."

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी टिलबर्गची मुले परतीच्या सामन्याला आली. दोनच दिवसांनी आजोबांचे विमान होते. धम्मदीपासमोर तोच मुलगा बसला. डाव लांबला, आणि अखेर त्याच्याकडे एकटा राजा उरला, पटाच्या कडेला. तिच्याकडे राजा आणि एक प्यादे, शेवटच्या घरापासून एका पावलावर. सगळे भोवती जमले.

तिने मला उचलले. शेवटच्या घराच्या अगदी वर, बोटभर उंचीवर नेले, आणि हात थांबला. त्या घराला माझा पाय टेकला असता तर निर्णय पक्का झाला असता. तिचे ओठ हलत होते. एक घर, दुसरे, तिसरे. मग तिने मला हळूच घड्याळाशेजारी परत ठेवले, आणि मारला गेलेला हत्ती उचलून प्याद्याऐवजी शेवटच्या घरात मांडला.

सुमितने कपाळाला हात लावला. तो मुलगा हसू लागला. पण आजोबा खुर्चीतून अर्धवट उठून पटाकडे पाहत होते, आणि ते हसत नव्हते.

त्या मुलाच्या राजाला जायला एकच घर होते. तो तिथे गेला. धम्मदीपाने हत्ती कडेच्या रांगेत सरकवला. शह आणि मात. हसणे अर्ध्यावर राहिले.

विमने मान डोलावली. आजोबांनी विचारले, "वजीर का नाही केलास?"

तिने उत्तर मराठीत दिले. अडखळत, पण पूर्ण मराठीत. "वजीर ठेवला असता तर त्याच्या राजाला शह पण नव्हता आणि जायला एकही घर नव्हतं. मग डाव बरोबरीत गेला असता. तुम्हीच रोज विचारता ना, जागा कुठं राहिली म्हणून." मग सोंगट्या गोळा करत म्हणाली, "उद्या सकाळी खेळू या? तुमच्या रूल्सनी."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

मित्रांनो, आयुष्यभर मी कोणीतरी पटावर ठेवील म्हणून वाट पाहिली, आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर क्षण मला परत ठेवले तेव्हाचा आहे. त्या मुलीच्या बोटांची ऊब अजून माझ्या मुकुटाला आहे. ज्याने मला घडवले, ज्यांनी हीटरखालून काढले आणि जिने विचार करून खाली ठेवले, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

तुमच्या पेटीतही माझा एखादा भाऊ असेल. त्याला हरवू देऊ नका. तुमचे प्यादे पोचले की त्याला जरूर उचला, पण टेकवण्याआधी एकदा घरे मोजा. मोजून परत ठेवलात, तर तो रागावणार नाही.

आजोबा आता जालन्याला आहेत आणि सकाळचे डाव पुन्हा सुरू झाले आहेत, असे सुमित सांगतो. इथे शुक्रवारी डाव संपले, की मुले आपापल्या भाषेत सोंगट्या मोजत पेटी भरतात. बत्तीस झाल्या की सगळी क्षणभर थांबतात. मग आजोबांचे उदाहरण खोडरबराने पुसणाऱ्या त्या चिमुरड्या मुलीचा आवाज येतो, तिला आणखी एकही मराठी शब्द येत नाही, पण हे दोन चोख येतात. "तेहतीस. चौतीस." आणि झाकण लागते.