एका बाइटची काटकसर

मित्रांनो, मी जुना आहे, बुटका आहे आणि उभ्या आयुष्यात मला एकच काम आलं, ते म्हणजे वाट बघणं. सुरतेजवळ पलसाण्याला कापड रंगवायचा एक कारखाना आहे. तिथे पत्र्याच्या कपाटात एक जुनाट संगणक आहे आणि त्यात मी राहतो. मी एक इवलासा प्रोग्रॅम, अंगापिंडाने अवघा आठ बाइटचा. तुमच्या मोबाइलमधल्या एका फोटोत माझ्यासारखे लाखो मावतील. पण हसू नका. माझ्यापायी एकाचा हात गेला, एकाचे दात पडले आणि एकाने खांद्यावर पहार झेलली. सगळं सांगतो, जरा नीट बसा.

मला रामजीकाकांनी घडवलं. त्यांचे वडील अकोल्याकडून रेल्वेच्या कामाला इकडे आले. काका कारखान्यात वायरमन म्हणून चिकटले आणि एका फाटक्या पुस्तकावरून संगणकाशी झटापट करत शिकले. त्याला पंचवीसेक वर्षं झाली. रंगाईचं मशीन एका बॅच फाइलच्या तालावर चालायचं. बॅच फाइल म्हणजे हुकमांची यादी, आधी हे कर, मग ते कर. बाई मोठी तोऱ्याची, पण ठार बहिरी. माणसाला प्रश्न विचारून त्याचं उत्तर ऐकणं काही तिला जमेना. म्हणून काकांनी असेंब्लीत, म्हणजे संगणकाच्या अगदी हाडामांसाच्या भाषेत, मला टाइप केलं. कळ दाबली जाईपर्यंत मी थांबायचं, दाबली की तिचा आकडा बाईच्या कानात सांगायचा आणि मरून जायचं. पुन्हा हाक आली की पुन्हा उठायचं. दिवसातून शंभरदा मी असा मेलोय, त्याचं मला काही वाटत नाही.

पुस्तकात नऊ बाइटची रीत दिली होती. तो जादा एक बाइट कशाला हवा, ते काकांना उमजेना. त्यांनी तो गाळला, तरी मी चाललो. शेठने सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली आणि मनगटी घड्याळ दिलं. काका भेटेल त्याला सांगायचे की पुस्तकवाल्याला नऊ लागले, आपण आठांत बसवलं. मीही तेव्हा भलता फुगलो होतो.

पुढची वर्षं मारातच गेली हो. रंगाईखात्यात सगळं मारूनच चालतं. संगणकाचा पडदा हलला की त्याला थप्पड, वाफेची तोटी अडली की तिला हातोडा. मगन नावाचा तिथला मास्टर तर ओल्या कापडाचा पीळ करून कारागिरांच्या पाठी फोडायचा. कीबोर्डलाही बुक्क्या बसत. त्यात दर दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची. नारळ फुटायचा आणि कीबोर्डवर हळदकुंकू पडायचं, तेही नेमकं एकच्या कळेवर, कारण एक म्हणजे ‘हो’ आणि शून्य म्हणजे ‘नाही’. शुभ कळ ना ती! कुंकू आत जाऊन बसायचं आणि कळ अडायची. देवाचं कुंकू पुसायचं कसं, म्हणून कोणी पुसलं नाही. त्यापेक्षा सगळ्यांनी ती कळ दोनदा दाबायची सवय लावून घेतली. वर्षानुवर्षं हेच चाललं.

आता मेख ऐका. कीबोर्डवर दाबलेली अक्षरं आधी एका छोट्या पेटीत पडतात. पंधरा मावतात तिथे. मी उठलो की पेटीतलं पहिलं अक्षर उचलतो. ते आत्ता दाबलंय की मघाचं उरलंय, हे मला ओळखू येत नव्हतं. बॅच फाइल प्रश्न दोन विचारायची. कापड भरलं का, हा पहिला. त्याला हो म्हटलं की बाजूच्या टाकीत रंग घोळायला लागायचा. झाकण लावलं का, हा दुसरा. त्याला हो म्हटलं की आतला दांडगा रूळ फिरायचा आणि उकळता रंग आत घुसायचा. पहिल्याच प्रश्नाला कळ दोनदा लागली, की उरलेला ‘हो’ मी गुपचूप दुसऱ्या प्रश्नाला देऊन टाकायचो. झाकण तोवर लावलेलंच असायचं, त्यामुळे कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

धुडकू आणि लक्ष्मण हे त्या मशीनवरचे कारागीर. धुडकू खानदेशचा, लक्ष्मण नांदेडकडचा, दोघं नवागामला एकाच चाळीत राहायचे. एके दिवशी सकाळी नळावर दोघांची जुंपली. लक्ष्मणने बादली हाणली, धुडकूचं कपाळ फुटलं. धुडकूने त्याला आख्ख्या चाळीसमोर चिखलात लोळवलं आणि ओरडला, तुझा हातच मोडतो आज. मग दोघेही एकाच रिक्षातून कामावर आले, कारण पाळी चुकवून चालत नाही.

दुपारी कापडाला आतमध्ये गाठ बसली. लक्ष्मणने झाकण उघडून खांद्यापर्यंत हात आत घातला. कापड तर भरून झालंय, तोवर रंग घोळू दे, असा विचार करून धुडकूने पहिल्या प्रश्नाला हो म्हटलं. दुसऱ्याला तो थांबणार होता. खरंच थांबणार होता. पण बोटाला सवय दोनदा दाबायची. मी उठलो, पेटीत एक दिसला, उचलला आणि बाईच्या कानात सांगितला.

रूळ फिरला. लक्ष्मणचा हात कापडाच्या पिळात सापडून आत ओढला गेला. हाड मोडल्याचा आवाज पत्र्याच्या कपाटापर्यंत आला. मग रंग आला, उकळता. लक्ष्मण असा ओरडला, की बाजूच्या खात्यातली माणसं काम टाकून धावली. धुडकूनेच मेन स्विच पाडला आणि त्याला मिठी मारून बाहेर ओढलं, स्वतःचे दोन्ही तळवे भाजून घेतले. ते कोणी ध्यानात घेतलं नाही. सगळ्यांना सकाळचं वाक्य तेवढं आठवत होतं.

लक्ष्मणला दवाखान्यात नेलं. तासाभरात त्याचा थोरला भाऊ सखाराम चार माणसं घेऊन आला. त्यांनी धुडकूला रंगाने बरबटलेल्या फरशीवर पाडलं आणि लाथाबुक्क्यांनी तुडवलं. पुढचे दोन दात तिथेच पडले. तोंड रक्ताने भरलेलं असताना तो एकच म्हणत होता, “मी मुद्दाम नही करं, भाऊ.” मगन मास्टरने दार आतून लावून घेतलं आणि बाजूला उभा राहिला. सखारामने पहार उचलली. त्या दिवशी धुडकू जिवानिशी जाणार, हे मला कळत होतं. खरं उत्तर एकट्या माझ्यापाशी होतं आणि मला तोंड नव्हतं.

तेवढ्यात रामजीकाका मागच्या दाराने आले आणि मध्ये पडले. दोनदा दाबायची सवय आणि आपण गाळलेला बाइट, यांची सांगड त्यांच्या डोक्यात नुकतीच बसली होती. त्यांनी मशीनची वायर सोडवली, मेन स्विच चढवून संगणक तेवढा चालू केला आणि सखारामला पडद्यासमोर उभं केलं. पहिल्या प्रश्नाला एकची कळ दोनदा दाबली आणि हात वर केले. दुसरा प्रश्न आला आणि कोणी बोटही न लावता आपोआप ‘हो’ झाला. काकांचा चेहरा पांढरा पडला. पंचवीस वर्षांत त्यांनी हे स्वतःसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, ते गप्प बसले असते तर चाललं असतं. संगणक जुना आहे, बिघडला, एवढं म्हणून सुटले असते. पण ते म्हणाले, “चूक माही आहे. जुनं उत्तर आधी पुसून टाकायचं काम होतं, ते म्या गाळलं. मले मार, त्या पोराले सोड.”

सखारामने मारलंच. पहार खांद्यावर बसली, काका गुडघ्यांवर आले. दुसऱ्यांदा पहार वर गेली आणि तिथेच थांबली.

“किती लिहायचं राहिलं होतं?” त्याने विचारलं.

“एक बाइट. एका अक्षराएवढा.”

सखारामने पहार टाकली. तिथेच फरशीवर बसला आणि ढसाढसा रडायला लागला. धुडकूला सखारामच्याच माणसांनी उचलून दवाखान्यात नेलं.

लक्ष्मणचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. काकांनी एक हात गळ्यात बांधलेला असताना दुसऱ्या हाताने मला नव्याने टाइप केलं. शेठचं घड्याळ त्यांनी काढून ठेवलं, पुन्हा मनगटाला लावलं नाही. आता मी नऊ बाइटचा आहे. उठलो की आधी पेटी रिकामी करतो, मगच थांबतो. कीबोर्ड नवा आलाय आणि दसऱ्याचं कुंकू कपाटाच्या पत्र्याला लावतात.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कोणालाही काही विचाराल, तेव्हा त्याचं मघाचं उत्तर आधी पुसून टाका. सकाळी रागात बोललेलं दुपारचं उत्तर म्हणून धरू नका. मी धरलं, सखारामनेही धरलं. आणि बारीकसारीक आहे म्हणून काही गाळू नका रे.

कीबोर्डवर आता लक्ष्मण बसतो. मशीनपाशी धुडकू असतो. दोघं अजून एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. पहिला प्रश्न होतो, दुसरा येतो, मी थांबतो. लक्ष्मण मान वळवून विचारतो, “हात?” धुडकू भाजलेले दोन्ही तळवे वर करून दाखवतो. मग लक्ष्मण डाव्या हाताच्या बोटाने कळ दाबतो, एकदाच.