काकूंचा पहिला घास

काकूंनी शब्द दिला होता, आणि तोच त्यांच्या अंगाशी आला.

शब्द तसा साधाच. होणाऱ्या विहीणबाईंनी रविवारी दुपारी जेवायला बोलावलं होतं, शहरातल्या त्या नावाजलेल्या फ्रेंच बिस्त्रोमध्ये. आदल्या दिवशी लेक समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, उद्या जेवणाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही. चार वर्षांनी कुठे त्याच्या आईला हे लग्न पटायला लागलंय."

आता हे म्हणजे सुताराला लाकडाकडे बघू नकोस म्हणण्यासारखं झालं. काकू तारांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सत्तावीस वर्षं मुख्य स्वयंपाकीण होत्या. साडेतीनशे कामगार त्यांच्या हातचं जेवायचे आणि साठीला टेकलेल्या फोरमनपासून सगळे त्यांना काकूच म्हणायचे. त्या कॅन्टीनला एक नियम होता, काकूंनीच घातलेला. जेवणाची घंटा झाली की काकू सगळ्यांच्या देखत प्रत्येक पातेल्यातला पहिला घास स्वतः खायच्या. घास गिळायच्या, मान हलवायच्या, मगच रांग पुढे सरकायची. मान हलली नाही तर ते पातेलं बाजूला, मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा बाप. लेक शाळा सुटली की तिथेच यायची, पिठाच्या पोत्यावर बसून गृहपाठ करायची, आणि आईची मान हलल्याशिवाय तीही ताटाला हात लावायची नाही. पुढे ती शिकली, डोळ्यांची डॉक्टर झाली, पण घरी जेवताना आजही तिचा हात आधी थांबतो.

पण त्याच लेकीला धसकाही होता. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात काकूंनी पंगतीतून उठून, मागे जाऊन आचाऱ्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. पोरीला तेव्हा तोंड लपवायला जागा उरली नव्हती.

"नाही बोलणार," काकू म्हणाल्या. "तोंड शिवून घेते, मग तर झालं?"

रविवारी चौघं पोचली. काकू, लेक, होणारा जावई आणि त्याची आई. विहीणबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, ताठ मानेच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी खिडकीजवळचं टेबल आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. मिळालं ते स्वयंपाकघराच्या दाराला लागून. दार उघडलं की काकूंच्या पाठीवर वाफ यायची आणि भांड्यांचा खणखणाट कानात. विहीणबाईंनी खिडकीकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची ओढली.

"आमचे हे होते तेव्हा दर वाढदिवसाला आम्ही खिडकीतच बसायचो," त्या बसताना म्हणाल्या. "ह्यांना या जागेचं फार वेड होतं."

मग वाट पाहणं सुरू झालं. पंचवीस मिनिटांनी पाव आला, गार, आणि त्याच्यासोबत दगडासारखं लोणी. ते पावाला लावायला गेलं की पावालाच भोक पडायचं. चाळीस मिनिटांनी कांद्याचं सूप आलं. काकूंनी एक चमचा घेतला आणि कपाळावरची शीर उडायला लागली. कांदा मंद आचेवर तासभर परतायचा असतो, त्याला घाई चालत नाही. इथे साखर जाळून रंग आणला होता आणि कांदा आत कच्चाच. वेटर मात्र बाजूला उभा राहून नाकाने कांदे सोलत होता. सगळे कांदे त्यानेच सोलले असावेत, कारण सुपात धड असा एकही नव्हता.

जावयाने मीठ मागितलं.

"टेबलावर मीठ ठेवलेलं आमच्या शेफना आवडत नाही," वेटर म्हणाला.

काकूंनी ओठ घट्ट मिटले. जेवणाऱ्याला मीठ द्यायचं नाही, हा कुठला माज? त्यांच्या कॅन्टीनमध्ये कामगाराने मीठ मागितलं तर काकू स्वतः बरणी घेऊन जायच्या आणि दुसऱ्या दिवशी मिठाचा हात सावरायच्या. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण शब्द तो शब्द.

"तुम्ही तर यातल्या जाणकार," विहीणबाई अचानक म्हणाल्या. "कसं वाटतंय?"

टेबलाखाली लेकीचा पाय काकूंच्या पायावर आला.

"पडदे फार सुरेख आहेत," काकू म्हणाल्या.

लेकीने पाय काढून घेतला. तिने आईकडे असं पाहिलं की काकूंना स्वतःचाच अभिमान वाटला. एवढी पोर सुखाने बसली आहे, तर एक दिवस मूग गिळून बसायला काय जातंय.

मग मासा आला. मोठ्या पांढऱ्या ताटलीच्या मध्यभागी तळहाताएवढा तुकडा, त्यावर लोणी आणि सायीचा दाट रस्सा, आणि वर लिंबू. नुसतं लिंबू नाही, लिंबूच लिंबू. काकूंना तिथेच कळलं. जिथे गरजेपेक्षा जास्त लिंबू पिळलेलं असतं, तिथे त्याखाली काहीतरी झाकलेलं असतं. त्यांनी ताटलीवर वाकून श्वास घेतला. लिंबाच्या खालून तो वास आला, डोळ्यांत जाणारा, नाकाच्या मुळाशी चिकटणारा. मासा नासला होता.

"घ्या ना," विहीणबाई म्हणाल्या. "आधी तुम्ही घ्या. आज तुम्ही पाहुण्या."

तिघांची नजर काकूंवर होती. लेकीच्या डोळ्यांत नुसती विनवणी. काकूंनी कोपऱ्यातला लहानसा तुकडा तोडला, तोंडात टाकला, न चावता गिळला. विहीणबाई अजून बघतच होत्या, म्हणून काकूंनी मान हलवली.

सत्तावीस वर्षांत त्यांनी असली मान कधी हलवली नव्हती.

घशातली चव जावी म्हणून त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. दोन घोट घेऊन खाली ठेवला तेव्हा लेक खात होती. एक घास झाला होता, दुसरा तोंडात होता. तिसऱ्यासाठी ती काटा टोचत होती.

काकूंनी तिचं मनगट पकडलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "तोंडातला टाक. इथे, रुमालात."

"आई, तू म्हणाली होतीस..."

"टाक म्हणते ना."

त्यांनी लेकीची ताटली उचलली, एका हाताने स्वयंपाकघराचं दार ढकललं आणि ते तसंच उघडं टाकून आत गेल्या. उंच टोपी घातलेला शेफ हात पुसत होता. काकूंनी ताटली त्याच्यासमोर ठेवली.

"हा मासा खराब आहे," त्या म्हणाल्या.

शेफने ताटलीकडे बघितलंसुद्धा नाही. "बाई, हा फ्रेंच पदार्थ आहे. तुम्हाला अशा चवीची सवय नसेल."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. काकूंचा आवाज मात्र चढला नाही. तो कॅन्टीनमध्येही कधी चढायचा नाही, म्हणूनच तो सगळ्यांना ऐकू जायचा.

"बरोबर आहे, मला नसेल सवय. तुम्हाला आहे ना? मग एक घास खा."

भांडी घासणाऱ्या बाईने नळ बंद केला.

"मी गिऱ्हाइकाच्या ताटातलं खात नाही," शेफ म्हणाला.

"ताटातलं नका खाऊ. तव्यावर आहे ना दुसरा, त्यातला खा. मी उभी आहे."

शेफने हाताची घडी घातली. त्याने खाल्लं नाही. आजूबाजूचे चार जण तव्याकडे बघत होते आणि त्यांच्यातलाही कोणी पुढे आला नाही.

"एवढंच बघायचं होतं," काकू म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

बाहेर आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या होत्या. जावई अर्धा उठला होता. "काकू, बसा ना, लोक बघताहेत," तो हळूच म्हणाला. विहीणबाईंचा चेहरा पांढरा पडला होता आणि काट्यावरचा घास हातातच होता. काकूंना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांचा सगळा राग आता लेकीकडे वळला होता.

"तू कॅन्टीनमध्ये वाढलीस. तुला वास आला नाही?"

लेकीने खाली बघितलं. "आला. ताटली ठेवली तेव्हाच आला."

"मग खाल्लंस कशाला? यांना बरं वाटावं म्हणून नासका मासा गिळलास? उद्या त्या घरात आणखी काय काय गिळशील?"

"यांच्यासाठी नाही," लेक म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तू मान हलवलीस ना, आई. मला वाटलं माझंच नाक चुकलं."

काकू खुर्चीवर बसल्या. त्यांना आता स्वतःचाच राग आला. शेफने बाकीच्यांची फसवणूक केली असेल, पण पोरीच्या तोंडात तो घास त्यांनी स्वतः घातला होता. एका लग्नासाठी, चारचौघांत बरं दिसण्यासाठी त्यांनी खोटी मान हलवली होती, आणि तीही या पोरीसमोर.

मग त्या विहीणबाईंकडे वळल्या.

"मी तुमच्याशी खोटं वागले," त्या म्हणाल्या. "सूप वाईट होतं, पाव शिळा होता आणि मासा नासलेला आहे. तुम्हाला लग्न मोडायचं असेल तर मोडा. पण तो घास खाऊ नका."

विहीणबाईंनी काटा खाली ठेवला. ताटली त्यांनी बाजूला सारली.

"हे गेल्यापासून मला इथलं काहीच गोड लागत नाही," त्या म्हणाल्या. "तरी ह्यांच्या वाढदिवसाला येते. तीन वर्षं झाली. मला वाटायचं, ह्यांच्याबरोबर माझी जीभही गेली."

"तुमची जीभ ठणठणीत आहे," काकू म्हणाल्या. "यांनी नुसती पाटी तेवढी ठेवलीय. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तीन वर्षं एका बाईला असलं खाऊ घालतात आणि तिला वाटतं दोष आपला."

तेवढ्यात वेटर गोडाचं विचारायला आला. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. तीस वर्षं शाळा ज्या नजरेने चालवली ती नजर त्यांनी त्याच्यावर रोखली.

"तुमच्या शेफना सांगा," त्या म्हणाल्या, "मासा त्यांनी आधी स्वतः खावा. खाल्ला की मला कळवा. मग मी पुन्हा येईन."

काकूंच्या घरी पोचेपर्यंत अडीच वाजले होते आणि चौघांच्या पोटात कावळे ओरडत होते. काकूंनी लेकीला आधी कोमट मिठाचं पाणी पाजलं, तिचं पोट रिकामं केलं, आणि मग चुलीकडे वळल्या. घरात होते ते बटाटे कांद्यावर परतले, त्यावर अंडी फोडली, पाव शेकला. कांदा मात्र घाई न करता परतला. जावयाने दोनदा विचारलं, झालं का.

ताटं मांडली. लेकीचा हात सवयीने थांबला. काकूंनी बघितलं तर विहीणबाईंचेही हात मांडीवरच होते. ताटातून वाफ येत होती, त्या भुकेल्या होत्या, पण वाट बघत होत्या.

काकूंनी उभ्याउभ्या पहिला घास घेतला. नीट चावला, गिळला. मान हलवली नाही.

"मीठ कमी पडलंय," त्या म्हणाल्या.

त्यांनी मिठाची बरणी विहीणबाईंसमोर ठेवली, आपल्या ताटात चिमूटभर घातलं आणि दुसरा घास खाल्ला. मग त्यांनी मान हलवली, आणि विहीणबाईंनी चमचा उचलला.