दादाची निःशब्द शाखा

आमचा दादा केस कापतो आणि बोलतो. यातलं मुख्य काम कुठलं, हे घरात अजून कुणाला ठरवता आलेलं नाही. गल्लीत त्याला ‘चालू नळ’ म्हणतात, तेही तोंडावर. त्याला वाईट वाटत नाही. उलट नळ या विषयावर तो अर्धा तास सहज काढेल.

बरीच वर्षं तो दुसऱ्याच्या सलूनमध्ये राबला. त्या मालकाने दुकान विकलं तेव्हा दादाने जाहीर केलं, की चाकरी बस्स झाली, आता स्वतःचं. पण स्वतःचं सुरू करायचं कसं, तिथे घोडं अडलं.

मार्ग काढला वहिनीने. ती घरी शिवणकाम करते आणि दिवसभरात जेवढं बोलते तेवढं दादाच्या एका शिंकेत मावेल. तिने फ्रँचायझीची माहिती काढून आणली.

“म्हणजे काय गं, वहिनी?” मी विचारलं.

“एखाद्या कंपनीचं नाव लोकांना आधीच माहीत असतं,” सुईत दोरा ओवत ती म्हणाली. “ते नाव आपण वापरायचं. खुर्च्या कुठल्या, भिंतींचा रंग कुठला, काम कसं करायचं, सगळं ते शिकवतात. जाहिरातही त्यांचीच. आपण सुरुवातीला एक रक्कम भरायची, मग दर महिन्याला कमाईतला वाटा द्यायचा. दुकान आपलं, नफा-तोटा आपला. पण वागायचं त्यांच्या पद्धतीने.”

यातलं दादाच्या कानात शिरलं ते फक्त “दुकान आपलं.”

कंपनीचं नाव होतं ‘निःशब्द’. ते ऐकून दादा हरखला. “आपण कापलेले केस बघून गिऱ्हाईक निःशब्द होणार! काय नाव काढलंय!” वहिनीने करार शब्दन्‌शब्द वाचला. मग त्याला वाचून दाखवायला बसली, तर हा पहिल्याच पानावर करार कसे असावेत यावर बोलत सुटला.

“अहो, एकदा ऐकून तरी घ्या.”

“अगं, सही कुठे करू तेवढं सांग.”

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी दादा घरी आला तो पांढराफटक पडून. ‘निःशब्द’मध्ये गिऱ्हाईक नव्हे, केस कापणाराच निःशब्द असतो! दारावर पाटीच असते: ‘इथे फक्त कात्री बोलते.’ सलूनमधल्या बडबडीला विटलेली माणसं तिथे मुद्दाम येतात. कापणाऱ्याला चार वाक्यं मंजूर: या. किती ठेवू? मान खाली. झालं.

“चार!” दादा खुर्चीत कोसळला. “मला आधी कुणी सांगितलं का नाही?”

“सांगितलं होतं,” वहिनी म्हणाली.

“कधी?”

“तुम्ही बोलत होतात तेव्हा.”

प्रशिक्षणात तो पास झाला, कारण त्या आठवड्यात त्याचा घसा बसला होता.

दुकान उघडलं. मी फोन घ्यायला आणि वेळा ठरवायला गल्ल्यावर बसले. नव्या दुकानात माश्या मारत बसावं लागेल असं मला वाटलं होतं, पण पहिल्याच दिवशी बाक भरला. दादाला ओळखणारं त्यात कुणीच नव्हतं. सगळे नाव बघून आले होते. नावाचे पैसे आपण का भरतो, हे मला तेव्हा पटलं.

दादा मात्र आतल्या आत शिजत होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मागच्या खोलीत जाऊन टॉवेलांशी बोलायचा. घरी आल्यावर दिवसभराचं तुंबलेलं सगळं आमच्यावर सोडायचा. तरीही कसाबसा निभाव लागत होता.

मग एके दिवशी एक गृहस्थ आले. अंगात उत्तम कोट. केसांना हिरवा रंग लागलेला, त्यात बदकाचं पीस अडकलेलं, आणि एकच बूट ओला. शांतपणे बसले आणि म्हणाले, “बारीक करा.”

दादाने पीस उचललं. पिसाकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे पाणावले होते. मी मान हलवली: नाही, दादा, नाही! त्याने ओठ घट्ट मिटले. तोंड बंद झालं तसं सगळं बोलणं भुवयांत चढलं. आरशातून डावी भुवई विचारायची, “बदक कुणाचं?” उजवी विचारायची, “रंग आधी की पाणी आधी?” मग दोन्ही एकदम वर: “आणि दुसरा बूट कोरडा कसा?”

गृहस्थांनी बराच वेळ सहन केलं. शेवटी त्यांना हसू फुटलं, डोकं गदगदलं आणि मशीन कानामागून थेट शेंडीपर्यंत गेलं. डोक्यावर पायवाट पडली. ते गेले, आणि बदकाचं काय झालं ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. कंपनीकडे तक्रार मात्र पोचली: ‘या शाखेतल्या माणसाच्या भुवया फार बोलतात.’

वहिनीने दादाला भुवया झाकणारी टोपी शिवून दिली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी त्याचे कान हलायला लागले.

त्याच आठवड्यात एक बाई केस कापायला आल्या. दादाने त्यांचे केस विंचरले आणि तो थबकलाच. कंगवा खाली ठेवला, टोपी काढली आणि बांध फुटला.

“बाई, तुमच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत, आणि दोन्ही उलट्या दिशांनी फिरतात! आयुष्यात पाहिलं नाही! तुम्हाला कधी कुणी सांगितलं का?”

भोवऱ्यांवरून तो वाऱ्यावर गेला, वाऱ्यावरून पतंगांवर, तिथून सासऱ्यांच्या दाढदुखीवर. कात्री मात्र अचूक चालली होती. शेवटी “झालं” म्हणायचंच तेवढं त्याचं राहिलं.

बाईंनी आरशात केस निरखले आणि ओळखपत्र काढलं. त्या कंपनीच्या तपासनीस होत्या. मी वहिनीला फोन करून बोलावून घेतलं.

“केस उत्तम कापलेत,” बाई म्हणाल्या. “पण असं चालणार नाही.”

“का नाही?” दादा म्हणाला. “दुकान माझं आहे!”

“दुकान तुमचंच. पण माणूस दारावर आमचं नाव वाचून आत येतो. दुसऱ्या गावातल्या शाखेत मिळाली तीच शांतता त्याला इथे हवी असते. ती इथे मिळाली नाही, तर तो तिथेही जायचा बंद होईल. मग तिथल्या मालकाने काय करायचं?”

दादा गप्प झाला. कुणी सांगितलं नसताना! “म्हणजे दुकान माझं, पण शांतता सगळ्यांची,” तो हळूच म्हणाला. एवढे दिवस वहिनी जे समजावत होती ते त्याला त्या क्षणी कळलं, आणि त्याचा चेहरा एवढासा झाला.

वहिनी पुढे झाली. “मला केस कापायला शिकवाल? कात्रीची सवय आहे. गप्प बसायचीही.”

बाई हसल्या. “शिकवू. प्रशिक्षण पुरं केलंत तर शाखा तुमच्या नावावर करता येईल.” मग दादाकडे वळल्या. “आणि तुम्ही, दाढदुखीचं पुढे काय झालं?”

“सांगतो ना!”

“इथे नको. आमच्या केंद्रावर या. नवीन मंडळी शांत खोलीत छान गप्प बसतात, पण गिऱ्हाईक बोलकं निघालं की त्यांचा तोल जातो. त्यांना भरीला घालणारा कुणीतरी आम्हाला हवाच आहे.”

“म्हणजे मी फक्त बोलायचं? पगार घेऊन?”

“दिवसभर.”

दादाला रडूच आलं.

आता तो केंद्रावर खुर्चीत बसतो आणि शिकाऊ माणसांनी तोंड उघडावं म्हणून जिवाचं रान करतो. एक जण तर उत्तर देता येईना म्हणून हुंदके देऊ लागला; तो पहिल्या नंबराने पास झाला. रोजरोज कापून दादाच्या डोक्यावर केस उरले नाहीत, म्हणून कंपनीने त्याला टोप दिलाय.

इकडे वहिनीच्या दुकानात इतकी शांतता असते, की गिऱ्हाइकांना झोप लागते. गेल्या महिन्यात तिने दुसऱ्या शाखेसाठी अर्ज केला. दादाला अभिमानाने भरून आलं. तिथे मालक म्हणून मी बसतो, म्हणाला.

वहिनीने दोरा दाताने तोडला. “त्या शाखेला मालक मिळालाय,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.