कोऱ्या जागेवरचा चांदीचा हात

मित्रांनो, माझ्या पंजाला बोटे पाच असली तरी कामाचे एकच. तर्जनी तेवढी पुढे केलेली, बाकीची मिटलेली. मी चांदीचा एक जुना, वीतभर लांबीचा हात आहे. एका बाईने नवरा गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी घरातले चांदीचे चमचे आटवले आणि सोनाराकडून मला घडवून घेतले. मला डोके नाही, त्यामुळे कोणतीही गोष्ट समजायला जरा वेळच लागतो. आज सांगणार आहे ती तर अजूनही पुरती समजलेली नाही.

मी यहुदी लोकांच्या प्रार्थनालयात राहतो. तोरा हा त्यांचा धर्मग्रंथ तिथे चामड्याच्या लांबलचक गुंडाळीवर हाताने लिहिलेला आहे. दर शनिवारी त्यातला त्या आठवड्याचा भाग सर्वांसमोर चालीवर वाचतात. अक्षरांना माणसाचे बोट लागू द्यायचे नाही, म्हणून वाचणारा मला धरून ओळीवरून फिरवतो. त्याच्या बाजूला एक जण छापील पुस्तक घेऊन उभा असतो. शब्द चुकला की त्याने तिथल्या तिथे मोठ्याने सांगायचे आणि वाचणाऱ्याने तो पुन्हा वाचायचा. शेवटी धर्मगुरू त्या भागातून रोजच्या जगण्याला उपयोगी पडेल असे काहीतरी सांगतात. एकदा ‘गच्चीला कठडा बांधा, म्हणजे कोणी पडणार नाही’ असे वाचन होते. दुसऱ्याच दिवशी बेकरीवाल्याने दुकानाची डुगडुगणारी पायरी पक्की बसवून घेतली. मला असा अभिमान वाटला, जणू पायरी मीच बसवली!

माझी उमेदीची वर्षे तिथे वाचन करणाऱ्या घड्याळजींच्या हातात गेली. आठवडाभर बारीक स्प्रिंगा बसवणारा तो हात मला अगदी अलगद धरायचा. बाजूला पुस्तक घेऊन उभे राहायचे ते त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, शिंपी. लोक त्यांची थट्टा करत.

“घड्याळजी कधी चुकणार नाहीत. तुम्ही आपले शोभेला उभे!”

शिंपी हसत आणि पुस्तकाचे पान उलटत.

मग एका हिवाळ्यात गंमतच झाली. घड्याळजींचा आवाज नेहमीसारखा चालला होता, पण माझ्याखाली अक्षरच नव्हते! दोन रकान्यांमधल्या कोऱ्या जागेवरून मी सरकत होतो. मला काही उमगेना. शब्द तर सगळे बरोबर येत होते, मग ते येत होते कुठून? हळूहळू माझ्या लक्षात आले. घड्याळजींना दिसेनासे झाले होते आणि ते सगळे पाठ म्हणत होते.

आता इथला नियम असा, की पाठ म्हटलेले वाचन म्हणून धरत नाहीत. शब्द न् शब्द बरोबर असला तरी तो अक्षराकडे बघूनच वाचायला हवा. शिंप्यांनी मला कोऱ्या जागेवर पाहिले. आता ते बोलणार असे मला वाटले. ते फक्त खाकरले. पुढच्या शनिवारी त्यांनी माझे मनगट हळूच ओळीवर ढकलले. ही मदत म्हणायची की लपवाछपवी? मी पार गोंधळून गेलो. लोक मात्र पुढे येऊन “वा, काय वाचलंत!” म्हणत होते.

असेच आठवडे गेले आणि एका शनिवारी जो भाग आला, त्याने माझी उरलीसुरली समजही घालवली. त्यात लिहिले होते, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. थोडे पुढे लिहिले होते, शेजाऱ्याचे चुकत असेल तर त्याला सांगा. घड्याळजींनी दोन्ही वाक्ये सुरेख म्हटली, आणि मी तेव्हाही कोऱ्या जागेवर! वर धर्मगुरूंनी सांगितले, चारचौघांत एखाद्याला मान खाली घालायला लावणे म्हणजे त्याचे रक्त सांडण्यासारखेच आहे. सांगा म्हणतात आणि लाजवू नका म्हणतात. बिचाऱ्या शिंप्यांनी करायचे तरी काय?

लोक पांगले. घड्याळजी मला गुंडाळीच्या दांड्याला अडकवायला गेले, त्यांचा नेम चुकला आणि मी टेबलावर आपटलो. शिंप्यांनी मला उचलले, पण परत दिले नाही.

“मला वाचायला शिकव,” ते म्हणाले.

“तुला? या वयात? आणि हा असला घोगरा गळा घेऊन?”

“असू दे. शिकव.”

घड्याळजींनी चाचपून टेबलाची कड धरली. मग त्यांनी विचारले, “कधीपासून कळलंय तुला?”

“हिवाळ्यापासून.”

“आणि बोलला नाहीस?”

“जीभ रेटली नाही रे. वाचन हेच तर तुझं सगळं काही आहे.”

“अरे, पण ही सगळी माणसं तोरा ऐकायला येतात! त्यांनी इतके महिने काय ऐकलं मग?” घड्याळजींचा आवाज फाटला. “माझी अब्रू राखलीस आणि त्यांचं वाचन घालवलंस. मीही घालवलं.”

“घालवलं असेल,” शिंपी डोळे पुसत म्हणाले. “काय करावं ते मला खरंच कळत नव्हतं.”

धर्मगुरूंना घड्याळजींनी स्वतःच जाऊन सांगितले. आता मी शिंप्यांच्या हातात असतो. सुई धरावी तसे ते मला चिमटीत घट्ट धरतात. पहिल्याच शनिवारी ते तिसऱ्या ओळीत अडखळले. चाल सुटली, कान लाल झाले, मागे कुजबुज सुरू झाली. बाजूला घड्याळजी उभे होते. त्यांच्या हातात पुस्तक नव्हते, त्यांना लागतही नव्हते. नियमाप्रमाणे त्यांनी बरोबर शब्द मोठ्याने सांगितला. मग वाकून, फक्त आम्हा दोघांना ऐकू जाईल असे म्हणाले, “घाई करू नकोस. मी आहे इथे.”

मित्रांनो, शिंपी गप्प राहिले ते बरोबर की चूक, हे मला आजही सांगता येणार नाही. तुम्हाला कळले तर मलाही सांगा. मी एवढेच मागतो. कोणाचे चुकताना दिसले तर त्याला जवळ जाऊन सांगा, आणि सांगून झाले की निघून जाऊ नका. तो पुन्हा वाचेपर्यंत त्याच्या बाजूला उभे राहा.