कणकण

कालव्यातून फिरणाऱ्या त्या बोटीवर मोठ्या बाई आल्या त्या लेकीच्या हट्टापायी. "बाबांच्या आजारपणात तू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाहीस, आता दोघं जरा मोकळ्या हवेत फिरून या," असं म्हणून लेकीनं सगळं परस्पर ठरवून टाकलं होतं. बाई मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन काळ लोटला तरी सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत.

त्यांच्या यजमानांना सगळा गाव दादा म्हणायचा. फळांच्या घाऊक बाजारात ते लिलाव पुकारायचे. आवाज असा की टोकाच्या गाळ्यावरचा हमालही पाठीवरचं ओझं विसरून मान वळवायचा. दादांनी पुकारलं की डागाळलेलं फळसुद्धा भाव खाऊन जातं, असं व्यापारी हसत म्हणत. लग्न ठरलं तेव्हा बाईंना मैत्रिणींनी चिडवलं होतं, की तुझा नवरा तुला कुजबुजत काही सांगूच शकायचा नाही. त्याच दादांच्या अंगावरून वारं गेलं, उजवं अंग लुळं पडलं आणि जीभ जड झाली. पाय हळूहळू काठीच्या आधारानं चालू लागला. जिभेनं मात्र पुन्हा पूर्वीसारखी साथ दिली नाही. शब्द शोधायला वेळ लागे, आणि सापडलेला शब्द तोंडातून ओला होऊन बाहेर पडे.

बोटीवर जेवणाच्या टेबलाला सोबत चांगली मिळाली होती. दातांच्या एक डॉक्टरीणबाई, त्यांचे वकील यजमान, आणि वकिलांच्या वयस्कर काकू. काकूंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्या स्वतःच जास्त बोलायच्या. डॉक्टरीणबाई तर दुसऱ्याच दिवशी बाईंच्या शाळेतले किस्से ऐकायला खुर्ची सरकवून बसू लागल्या. आजारपण, औषधं आणि मालिश यांत बाईंचं बोलणं कुणी असं मन लावून ऐकून फार दिवस झाले होते. बाईंना पुन्हा आपण कुणीतरी आहोत असं वाटू लागलं.

त्या रात्रीच्या जेवणाला बाई शाळा तपासायला आलेल्या एका साहेबाची गोष्ट सांगत होत्या. गोष्ट ऐन रंगात आली होती. साहेब चुकून मुलींच्या नाटकाच्या तालमीत शिरतो आणि मुली त्याला नवा नट समजतात, इथवर. तेवढ्यात दादांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून सूप ओघळलं, हनुवटीवरून शर्टावर आलं आणि तिथून टेबलावर. त्यांना ते कळलंही नाही. बाईंनी घाईघाईनं रुमालानं त्यांचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं, जरा जोरातच. डॉक्टरीणबाईंनी नजर ताटात वळवली. वकीलसाहेब काचेतून बाहेर बघू लागले, जसं काही तिथं अंधाराखेरीज बघण्यासारखं होतं. बाईंचे कान तापले. त्या पुन्हा बोलायला लागणार होत्या, पण "मग पुढे काय झालं?" असं कुणी विचारलं नाही. गोष्ट अर्धीच राहिली.

जेवण होताच दादा खोलीकडे निघाले. बाई मागे राहिल्या. बोटीवरची व्यवस्था बघणारी तरुणी दाराशी उभी राहून दुसऱ्या दिवसाचं सांगत होती. सकाळी टेकडीवरचा जुना मनोरा आणि त्याखालची बाग बघायला जायचं. चालणारे चालत जातील. ज्यांना चढ जमणार नाही त्यांच्यासाठी बॅटरीवरची छोटी गाडी आहे, ती थेट वर नेऊन सोडते. ज्यांना उतरायचंच नसेल त्यांनी बोटीवर राहावं. बोट पुढचं लॉक, म्हणजे पाणी भरून बोट वरच्या पातळीला चढवणारा दरवाज्यांचा हौद, पार करील आणि फिरायला गेलेली मंडळी पलीकडच्या धक्क्यावर पुन्हा चढतील.

"तुमची दोघांची नावं धरू?" तिनं विचारलं.

"एकच धरा," बाई म्हणाल्या. म्हणून झाल्यावर आपण काय म्हटलं ते त्यांना ऐकू आलं. पण शब्द मागे घ्यावा असं काही त्यांना वाटलं नाही.

सकाळी बाई आंघोळ करून आल्या तर दादा निळा शर्ट घालून पलंगाच्या कडेला बसले होते. डाव्या हातानं एकेक बटण लावायला त्यांना बराच वेळ लागला असणार. बूटही चढवले होते. "निघायचं?" त्यांनी विचारलं.

"अहो, वर पायऱ्याच पायऱ्या आहेत म्हणे. तुम्हाला नाही झेपायचं."

"सा...वकाश येईन."

"सगळ्यांना खोळंबून ठेवायचं का आपण?"

"बरं," दादा म्हणाले.

बाईंनी त्यांना वरच्या डेकवर नेलं, सावली बघून लाकडी खुर्चीत बसवलं, शेजारी पाण्याची बाटली ठेवली. सगळं नीट केलं. फळीवरून धक्क्यावर उतरल्या तर डॉक्टरीणबाई उभ्याच होत्या. "दादा नाही आले?"

"जरा कणकण आहे त्यांना. म्हटलं, पडून राहा."

आणि खरं सांगायचं तर बाईंची ती सकाळ फार छान गेली. कुणाच्या पावलाला पाऊल जुळवायचं नव्हतं. चढावर डॉक्टरीणबाईंनी स्वतःहून साहेबाची गोष्ट काढली, बाईंनी ती शेवटपर्यंत सांगितली, आणि वकीलसाहेब इतके हसले की त्यांना कठड्याला धरून उभं राहावं लागलं. वर पोचल्या तेव्हा काकू आधीच मनोऱ्याच्या दारात ऐटीत उभ्या होत्या. त्यांची गाडी शेजारी होती, आणि काकूंच्या बाजूची जागा रिकामी होती. तिथं काकूंनी आपली पिशवी ठेवली होती. बाई चरकल्या. मग त्या मनोऱ्याचा जिना चढून गेल्या आणि थोडा वेळ विसरल्या.

खाली उतरल्यावर वाटाड्यानं सगळ्यांना लॉकपाशी नेलं. बोट वर चढताना बघण्यासारखी असते, तो म्हणाला. दोन भक्कम दरवाज्यांच्या मध्ये दगडी हौदासारखी खोल जागा होती. बोट तिच्या तळाशी येऊन थांबली होती, मागचा दरवाजा लागला होता आणि पाणी भरत होतं. मंडळी काठावर रेलून खाली बघू लागली.

डेकवर दादा बसले होते. वरून आधी त्यांचा टक्कल पडलेला माथा दिसला. सकाळची सावली केव्हाच सरकली होती आणि ऊन थेट त्यांच्या अंगावर पडलं होतं. निळा शर्ट, पायात बूट. ते समोरच्या ओल्या भिंतीकडे बघत होते. बाई हळूच वकीलसाहेबांच्या मागे सरकल्या.

"अगं, हे तर दादा!" काकूंचा आवाज हौदात घुमला. "तापाच्या माणसाला उन्हात कुणी बसवलं?"

डॉक्टरीणबाई वाकल्या. "दादा, ताप कसा आहे आता?"

दादांनी मान वर केली. आधी त्यांना डॉक्टरीणबाई दिसल्या. मग वकिलांच्या खांद्यामागून अर्ध्या दिसणाऱ्या बाई दिसल्या. उत्तर यायला वेळ लागला. अलीकडे त्यांच्या प्रत्येक उत्तराला वेळ लागे, म्हणून कुणाला त्यात काही वाटलं नाही. ही वेळ जिभेनं लावलेली नाही, हे एकट्या बाईंना कळलं.

"उतरला," दादा म्हणाले. "बरं... आहे आता."

"मग यायचं की!" काकूंना काय ऐकू आलं कोण जाणे, पण त्या थांबणाऱ्या नव्हत्या. "माझ्या गाडीत जागा होती. एक पायरी चढावी लागली नाही मला. जाग्यावर नेऊन सोडतात. सांगितलं नाही का तुम्हाला कुणी?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. पाणी चढत होतं. बोट वर येत होती आणि तिच्याबरोबर खुर्ची, काठी आणि दादा, सगळंच सावकाश वर येत होतं.

"सांगितलं होतं," दादा म्हणाले. "हिनं. मीच... नको म्हटलं."

तोवर डेक काठाला लागला होता. दादांचा चेहरा बाईंच्या समोर, हात लांबवला तर लागेल इतका जवळ आला होता. त्यांनी बाईंकडे एकदाच पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर बाईंनी सोसला असता. रस्त्यात परकं माणूस ठेच लागून पडतं, आणि त्याला ओशाळं वाटू नये म्हणून आपण चटकन दुसरीकडे बघतो, तसे दादा दुसरीकडे बघू लागले.

खोलीत गेल्यावर बाई त्यांचे बूट काढायला खाली बसल्या. दादांच्या मानेची एक बाजू लालबुंद झाली होती.

"ऊन आलं तर सरकायचं नाही का?"

"खुर्ची... जड आहे."

"मग कुणाला हाक मारायची होती."

भर बाजारात हजार माणसांना हाकेसरशी गोळा करणाऱ्या माणसाला आपण हे काय सांगितलं, ते बाईंना उमगलं आणि हातातला बूट हातातच राहिला.

"मी तुम्हाला गाडीचं सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"हं."

"रागवा तरी माझ्यावर."

दादा शब्द गोळा करत राहिले. "काल... तुझी गोष्ट अडली. माझ्यामुळे. कळलं मला." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आज झाली... पुरी?"

बाईंना खोटं बोलावंसं वाटलं, पण त्या दिवसाचा कोटा संपला होता. "झाली."

"छान."

रात्री जेवायची वेळ झाली तसे दादा म्हणाले, "माझं इथंच पाठव." हे ऐकल्यावर बाईंना पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं. अगदी क्षणभर, पण वाटलं. दिवसभराच्या लाजेपेक्षा त्या क्षणाची लाज त्यांना मोठी वाटली. "नाही, तुम्ही चला," त्या म्हणाल्या. "मी हात धरते."

दादांच्या ओठांची चांगली बाजू जराशी हलली. "मला कणकण आहे ना," ते म्हणाले आणि कूस बदलून पडले.

बाई एकट्याच टेबलावर गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तापाची चौकशी केली तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला. "त्यांना ताप नव्हता. मी खोटं बोलले. काल त्यांच्या तोंडातून सूप ओघळलं, त्याची मला लाज वाटली, म्हणून त्यांना मागे ठेवून आले."

वकीलसाहेबांनी पाव मोडायला घेतला तो मोडतच बसले. "होतं हो असं," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "मनाला लावून घेऊ नका."

"काय म्हणाली ती?" काकूंनी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी 'काही नाही' म्हणून बघितलं, पण काकू ऐकेनात. शेवटी त्यांना काकूंच्या कानाशी मोठ्यानं सांगावं लागलं, "त्यांना दादांची लाज वाटली म्हणे!" आजूबाजूच्या टेबलांवरची बोलणी थांबली. बाई मान खाली घालून बसल्या. शाळेत कधी एखाद्या मुलीला त्यांनी सगळ्या वर्गासमोर उभं केलं असेल, तिला कसं वाटलं असेल ते त्यांना आज कळत होतं.

काकूंनी तोंडातला घास सावकाश संपवला. "त्यात काय," त्या म्हणाल्या. "हिलाही माझी वाटते. उगाच नाही मला गाडीत घालत."

आता डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्या रात्री त्या टेबलावर गोष्टी झाल्या नाहीत.

सकाळी दारावर थाप पडली. काकू पिशवी घेऊन उभ्या. "दादा, चला. आजच्या फेरीला गाडीत जागा धरलीय तुमची."

दादांनी काठी घेतली. बाई लगबगीनं म्हणाल्या, "थांबा, मीही येते."

"दोघांचीच गाडी आहे गं," काकू म्हणाल्या. "तू जा की चालत, त्यांच्याबरोबर."

बाईंनी दादांकडे पाहिलं. तुम्ही सांगाल तसं, असं त्यांना म्हणायचं होतं. दादा म्हणाले, "ये तू... तुझी." ते तुटकपणे म्हणाले नव्हते, आणि थांब असंही म्हणाले नव्हते. फळीवरून काठी टेकत ते उतरले, तेव्हा काकूंनी त्यांचा आधार घेतला की त्यांना दिला, ते सांगता आलं नसतं.

बाई गेल्या नाहीत. डेकवर जाऊन बसल्या. बोटीवरची माणसं चादरी बदलत होती, कुणी काचा पुसत होतं. बोलायला कुणी नव्हतं. ऊन सरकत आलं तेव्हा त्यांनी उजवा हात मांडीवर तसाच ठेवला आणि डाव्या हातानं खुर्ची ओढून बघितली. खुर्ची जागची हलली नाही. त्या दोन्ही हात मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिल्या.

रात्री दादा टेबलावर आले. आल्याआल्या काकू म्हणाल्या, "सांगा, आपलं काय झालं ते सांगा यांना."

दादांनी सांगायला घेतलं. एकेक शब्द येईतो सगळे थांबत होते. गाडी चढावर बंद पडली. गाडीवान मदत आणायला गेला. गाडी आपली हळूहळू मागे घरंगळायला लागली. "काकू म्हणतात... माघारी का... चाललोय? म्हटलं... काही विसरलं असेल... त्याचं." गाडीवान गेल्याचं काकूंच्या ध्यानातच नव्हतं, त्यांना तेव्हा ते पटलंही होतं. दादांनी डावा पाय कसा पुढे गाडीवानाच्या जागेपर्यंत नेला, ब्रेक कसा सापडला, आणि तोवर गाडीनं फुलांचा अख्खा ताटवा कसा आडवा केला, हे सांगता सांगता सूप त्यांच्या हनुवटीवर आलं. काकूंनी बोलणं न थांबवता रुमाल पुढे केला, दादांनी तो घेऊन तोंड पुसलं आणि पुढचा शब्द शोधू लागले.

"मग?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

दादांनी शेवट सांगितला, आणि वकीलसाहेब मोठ्यानं हसले. काकूही हसल्या. बाईंना मात्र तो ताटवा, तो चढ, तो गाडीवान, काहीच डोळ्यांसमोर येत नव्हतं. लग्न झाल्यापासून दादांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीत त्या कुठं ना कुठं होत्या. या गोष्टीत नव्हत्या. त्याही हसल्या, पण सगळ्यांच्या मागून.